क्लच-प्लेटा बदलण्यापूर्वी

खरीप हंगाम सुरू झाला म्हणजे नेर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मोटारसायकलला उसंत मिळत नाही. बियाण्याची पिशवी, खताची गोणी, फवारणीचा पंप, शेतावर न्यावयाची शिदोरी आणि पुढे वेचणीच्या दिवसांत कापसाचे गाठोडे, हे सारे तिच्याच पाठीवर येते. यवतमाळ, अमरावती वा दारव्ह्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर हे ओझे फारसे जाणवत नाही. परंतु रस्ता सोडून गाडी काळ्या मातीच्या पांदणीत शिरली आणि चाक रुतले, की सारा ताण एका लहानशा भागावर पडतो. तो भाग म्हणजे क्लच होय. ऐन फवारणीच्या दिवशी तो निकामी झाला, तर गाडी अडतेच. शिवाय बोंडअळीवर वेळेत करावयाचा उपायही लांबणीवर पडतो.

गाडी ओढत नाही असे दिसताच प्लेटा गेल्या असे समजून त्या बदलण्याची घाई पुष्कळदा केली जाते. कपाशीची पाने लाल होण्यास मॅग्नेशियमची उणीव, नत्राची उणीव, तुडतुडे किंवा साचलेले पाणी यांपैकी कोणतेही कारण असू शकते, आणि कारण न शोधता केलेली फवारणी व्यर्थ जाते, हे आपण जाणतोच. क्लचच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. निदान आधी, खर्च नंतर.

क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे पोचविणे आणि हवी तेव्हा ती तोडणे हे क्लचचे काम आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत घर्षण-प्लेटा व पोलादी प्लेटा एकाआड एक बसविलेल्या असून त्या इंजिन ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबामुळे त्या एकमेकींस घट्ट चिकटून एकत्र फिरतात. डाव्या हातातील लिव्हर दाबला की हा दाब सुटतो व प्लेटा विलग होतात. घर्षण-प्लेटांचा थर झिजून पातळ झाला, किंवा स्प्रिंगांचा जोर कमी झाला, म्हणजे पकड सैल होऊन प्लेटा घसरू लागतात. घसरण्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने झीज आणखी वेगाने होते. म्हणून आरंभीच लक्ष देणे हिताचे असते.

दोन निरनिराळी दुखणी

पहिले दुखणे क्लच घसरण्याचे. यात रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. चढावर, ओझे असताना व इंजिन तापल्यावर हे अधिक जाणवते. पेट्रोल जास्त लागते आणि कधी जळका वासही येतो.

दुसरे दुखणे क्लच पूर्ण न सुटण्याचे. यात लिव्हर दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर खटकन पडतो आणि उभ्या गाडीस न्यूट्रल सापडत नाही. लिव्हरमध्ये प्रमाणाबाहेर मोकळीक असणे, प्लेटा वाकणे किंवा क्लचच्या घरास खाचा पडणे ही याची कारणे असतात. पहिल्या दुखण्यात मोकळीक वाढवावी लागते, तर दुसऱ्यात ती बहुधा कमी करावी लागते. यास्तव दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

तपासणीचा क्रम

१. लिव्हरची मोकळीक : लिव्हरच्या टोकाशी क्लच सुटू लागण्यापूर्वी जी ढिलाई असते ती मोजावी. प्रचलित १०० सी.सी. गाड्यांत ती साधारणतः १० ते २० मिलिमीटर असावी. नेमके माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. बहुतेक गाड्यांत प्लेटा झिजत जातात तसतशी ही मोकळीक कमी होते. ती अजिबात उरली नाही, तर हात न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो व चांगल्या प्लेटाही घसरतात. लॉकनट सैल करून, ॲडजस्टर फिरवून, मोकळीक योग्य तेवढी करावी व नट पुन्हा आवळावा. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोकळीक कायम राहते की नाही हे पाहावे.

२. क्लच वायर : दाबून सोडलेला लिव्हर तत्काळ परत आला पाहिजे. वायर गंजली असेल, तिचे धागे तुटले असतील किंवा ती कोठे मुडपली असेल, तर ती अडकते आणि क्लच पूर्ण बसत नाही. अशी वायर बदलणे हे प्लेटा बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त काम आहे.

३. इंजिन ऑइल : ऑइलची पातळी व प्रत तपासावी. भिजलेल्या क्लचसाठी जपानमधील वाहन-मानक संस्थेने १९९८ साली ऑइलचे जे मानक ठरविले, त्यानुसार डब्यावर 'जासो एम.ए.', 'एम.ए.१' किंवा 'एम.ए.२' अशी खूण असते. 'एम.बी.' खुणेचे ऑइल कमी घर्षणाचे असून ते गिअर नसलेल्या स्कूटरांसाठी आहे. मोटारीसाठी असलेल्या काही ऑइलांतही घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. उरलेले ऑइल वाया जाऊ नये म्हणून ते मोटारसायकलमध्ये ओतले, तर नव्या प्लेटाही घसरू शकतात.

४. रस्त्यावरील चाचणी : वरील तीन गोष्टी दुरुस्त केल्यावर इंजिन चांगले तापू द्यावे. हेल्मेट घालून, ओझे न घेता, सरळ व रहदारी नसलेल्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जात असता रेस एकदम वाढवावी. आवाज झपाट्याने चढला व वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. आवाज आणि वेग दोन्ही चढत नसतील, तर दोष अन्यत्र आहे. अशा वेळी एअर फिल्टर, स्पार्क प्लग व इंजिनाचे कॉम्प्रेशन पाहावे.

५. चेन व ब्रेक : सैल चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवरून उडाल्यास धक्का व कडकड आवाज येतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल, तर ब्रेक धरून राहिला असण्याचा संभव असतो.

क्लच खोलल्यानंतर

या सर्व तपासण्यांनंतरही घसरणे थांबले नाही तरच क्लच खोलण्यास सांगावे, आणि शक्य तर मिस्त्रीच्या शेजारी उभे राहावे. घर्षण-प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजून ती पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. पोलादी प्लेटेवर निळसर डाग असतील, तर ती फार तापली आहे असे समजावे. ती सपाट काचेवर ठेवली असता डगमगली, तर ती वाकलेली आहे. स्प्रिंगांची लांबीही मोजावी. थकलेल्या स्प्रिंगांवर नव्या प्लेटा बसविणे म्हणजे अर्धीच दुरुस्ती होय. नव्या घर्षण-प्लेटा बसविण्यापूर्वी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे धरून क्रमाक्रमाने, सारख्या जोराने आवळावेत. नवे पॅकिंग व नवे ऑइल घालून लिव्हरची मोकळीक पुन्हा बसविण्यास विसरू नये.

झीज कशी टाळावी

झिजेची मुख्य कारणे दोन : अर्धवट दाबलेला क्लच आणि अवाजवी ओझे. चिखलात रुतलेले चाक अर्ध्या क्लचवर रेस देत काढण्याने प्लेटा काही मिनिटांत जळू शकतात. त्यापेक्षा ओझे उतरवावे, चाकापुढील चिखल काढावा, दगड किंवा पऱ्हाट्या टाकाव्यात व एकाने मागून गाडी ढकलावी. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नये. त्यासाठी ब्रेक आहे. धावत्या गाडीत लिव्हरवर बोटे टेकवून ठेवण्याची सवयही सोडावी.

ओझ्याचा हिशेब सोपा आहे. १०० सी.सी. गाडीची वहनक्षमता चालकासह साधारण १३० किलो असते. युरियाची गोणी २०१८ सालापासून ४५ किलोंची आहे. चालक ६५ किलोंचा धरल्यास एका गोणीसह भार ११० किलो होतो व तो मर्यादेत राहतो. दुसरी गोणी ठेवताच तो १५५ किलो होतो. वाचविलेल्या एका फेरीची किंमत अखेर क्लच, चेन व टायर यांनाच द्यावी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या शेतकरी सभेत बियाण्याच्या उगवण चाचणीबरोबर ही तपासणीही एखाद्या गाडीवर करून दाखवावी. तिला एक पट्टी, दोन पाने आणि थोडा वेळ एवढेच लागते. पेरणीपूर्वी तिफणीचा फण व दोर आपण पाहून घेतो, त्याचप्रमाणे मोटारसायकलचा क्लचही पाहून घ्यावा. आज तीही शेतीचेच एक अवजार झाली आहे.