मॅन पेज ब्राउझरमध्ये आणताना

लिनक्सवर काही अडलं की सीनियर एकच मंत्र देतात, 'मॅन बघ'. मॅन म्हणजे मॅन्युअल. प्रत्येक कमांडचं माहितीपत्रक त्यात असतं. पण काळ्या टर्मिनलवर लांबलचक पान वरखाली करत वाचायचा पुष्कळ जणांना कंटाळा येतो. म्हणून आमच्या लॅबमध्ये ही पानं एचटीएमएल करून ठेवायचं ठरलं. प्रॅक्टिकल परीक्षेला नेट बंद असतं, तेव्हा मशीनवरची ही पानंच काय तो आधार! आता शेकडो पानं एकदम कन्व्हर्ट करायला घेतली की काही ठिकाणी कन्व्हर्टर मधेच मरतो आणि 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढंच सांगतो. अशा वेळी काय करायचं, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मॅन पेज ही साधी टेक्स्ट फाइल वाटते, पण ती नाही. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, बेल लॅब्जमधलं. ही पानं 'रॉफ' नावाच्या भाषेत लिहितात. ठिपक्याने सुरू होणारी ओळ म्हणजे आज्ञा: ठिपका-टीएच म्हणजे पानाचं शीर्षक, ठिपका-एसएच म्हणजे विभागाचं नाव. या भाषेत व्हेरिएबल आहेत, 'इफ' आहे, लूपसुद्धा आहे. म्हणजे प्रत्येक पान हा एक छोटा प्रोग्रामच झाला, आणि कन्व्हर्टर हा त्याचा इंटरप्रिटर. म्हणून क्रॅश झाला की नुसतं कन्व्हर्टरला शिव्या घालून भागत नाही. आपण सी प्रोग्राम डीबग करतो तसंच इथेही करायचं.

पहिली पायरी, कोण मेलं ते बघा. एका पानावर एकच प्रोग्राम चालत नाही. आधी जीझिपची फाइल उघडते, मग तक्ते करणारा 'टीबीएल', मग 'ट्रॉफ', आणि शेवटी एचटीएमएल काढणारा भाग, अशी रांग असते. शेल मात्र पाइपमधल्या शेवटच्या प्रोग्रामचाच निकाल सांगतो. बॅशमध्ये 'पाइपफेल' ऑप्शन चालू केला की मधला मेलेलाही कळतो. एक्झिट कोड वाचायला शिका: १२७ म्हणजे प्रोग्राम सापडलाच नाही, १३९ म्हणजे १२८ अधिक ११, अर्थात सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ असेल तर कोणीतरी त्याला 'किल' केलं, आणि पुष्कळदा ते मेमरी संपल्यामुळे असतं.

दुसरी पायरी, क्रॅश आणि साधी कमतरता यांत फरक करा. डेबियनवर 'ग्रॉफ-बेस' एवढंच पॅकेज असेल तर त्यात एचटीएमएलची सोयच नसते, पूर्ण 'ग्रॉफ' टाकावं लागतं. ग्रॉफ पानातल्या तक्त्यांची चित्रं बनवतो, त्यासाठी त्याला घोस्टस्क्रिप्टसारखी मदत लागते. ती नसेल तर फक्त तक्ते असलेलीच पानं बिघडतात. काही पानांत तर एकच ओळ असते. उदाहरणार्थ 'व्हीप्रिंटएफ'चं पान नुसतं 'प्रिंटएफचं पान वाचा' असं सांगतं, ठिपका-एसओ वापरून. तो पत्ता मॅनच्या मूळ फोल्डरपासून मोजलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या फोल्डरमधून कन्व्हर्टर चालवला तर फाइल मिळत नाही.

तिसरी पायरी खऱ्या क्रॅशसाठी. पानाची कॉपी करा आणि अर्धं पान कापा. क्रॅश गेला तर गडबड कापलेल्या अर्ध्यात, नाही गेला तर उरलेल्यात. पुन्हा अर्धं करा. बायनरी सर्च सेकंड इयरला घोकलेला असतो, तो इथे कामाला येतो: दहा हजार ओळींचं पान असलं तरी चौदा वेळा कापलं की ओळ हातात! फक्त शीर्षकाची ओळ ठेवा, आणि तक्ता मधोमध कापू नका, नाहीतर भलतीच नवी एरर मिळेल. ओळ सापडली की कारण पुष्कळदा डोळ्यांनीच दिसतं: जुन्या कन्व्हर्टरच्या ठराविक मापाच्या बफरला न पेलणारी लांब ओळ, सुरू झालेला पण बंद न केलेला तक्ता, किंवा एकमेकांना बोलावणारी दोन पानं.

कारण सापडूनही कन्व्हर्टर सुधारत नसेल तर दुसरा वापरा. 'मॅनडॉक' हा २००८ साली सुरू झालेला प्रोग्राम तक्ते स्वतःच वाचतो, त्याला घोस्टस्क्रिप्ट लागत नाही. त्याचा 'लिंट' मोड पानातल्या चुका ओळ नंबरासकट सांगतो, म्हणून कापाकापीच्या आधीच तो चालवून बघावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रॅशपेक्षा वाईट म्हणजे न दिसलेला क्रॅश. आउटपुट फाइलमध्ये वळवताना शेल आधी रिकामी फाइल तयार करतो आणि मग प्रोग्राम चालवतो. प्रोग्राम मेला तरी फाइल तिथेच राहते, शून्य बाइटची. यादीत नाव दिसतं, लिंक चालते, आणि ऐन परीक्षेत उघडावं तर पांढरं पान! म्हणून आउटपुट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या, एक्झिट कोड शून्य असेल आणि फाइल रिकामी नसेल तरच खरं नाव द्या. बाकीची नावं एका यादीत लिहून ठेवा आणि ती यादी लॅबच्या फळ्यावर लावा. पान नाही हे आधी माहीत असलेला मुलगा टर्मिनलवर जाऊन वाचतो. माहीत नसलेला पांढऱ्या पानाकडे बघत बसतो.