पोटरीतच ठरतं उत्पन्न

बेळगावातल्या खासबागच्या रविवारच्या बाजारात खपली गहू घेणारा दाणा हातावर घेऊन बघतो. लांबट आहे का, तांबूस आहे का, हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, खुलेल का. पण शेतकऱ्याचं पोतं दाण्याच्या जाडीपेक्षा दाण्यांच्या संख्येवर जास्त भरतं आणि ती संख्या बरीचशी ओंबी बाहेर पडायच्या आतच ठरते.

खपलीचा भाऊबंद सातू, म्हणजे जव, याच गोष्टीचा ढळढळीत नमुना आहे. सातूच्या कणसावर प्रत्येक पेऱ्याला तीन कणिशकं येतात आणि प्रत्येकात एकच फूल. सहा ओळींच्या वाणात तिन्हींत दाणा धरतो, दोन ओळींच्या वाणात फक्त मधल्यात. दोन ओळींचा सातू मग फुटव्यांवर भर देतो. गव्हाचं तंत्र वेगळं. एका कणिशकात आठ-दहा फुलकळ्या सुरू होतात, दाणा दोन-चारांतच भरतो. खपलीत बहुधा दोनच.

बाकीच्या कळ्या मरतात कशाने? उपासमारीने. पीक पोटरीत असतं, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असते, तेव्हा कांडं झपाट्याने लांबत असतं आणि आतली ओंबीही त्याच वेळी वाढत असते. पानांनी केलेल्या साखरेवर दोघांचा डोळा. जुनी उंच खपली कांड्यावरच खर्च करायची, शिवाय युरिया जरा जास्त पडला की लोळायची. धारवाड कृषी विद्यापीठाच्या डीडीके १०२५ आणि डीडीके १०२९ किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस २९७१ या खपलीच्या बुटक्या वाणांचं मर्म इथं आहे. कांडं आखूड राहिलं की ओंबीच्या वाट्याला जास्त येतं.

फुलोऱ्याआधीचे साधारण वीस दिवस गव्हाला निर्णायक. सातूचा हा काळ आणखी आधी येतो. या दिवसांत ऊन लख्ख आणि हवा गार हवी. गारव्यात वाढ सावकाश होते, तेवढे दिवस उन्हाचे जास्त मिळतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या बेळगावला थंडी बरी साथ देते. उशिरा पेरलं की हा काळ उकाड्याकडे सरकतो, घाईत उरकतो, ओंबी तोकडी राहते. याच टप्प्यात पाण्याची पाळी चुकली तर दाणे चिकात असताना दिलेलं पाणी फार तर आहेत तेवढे दाणे टपोरे करतं, गेलेले परत आणत नाही.