चढणीचा मासा आणि दाण्याहून लहान ग्रंथी

लातूरच्या एका वाचकांनी आपल्या अमेरिकेतल्या मुलाचा व्हिडिओ पाठवला आहे. वॉशिंग्टन राज्यातली नदी, बर्फासारखं पाणी, मांडीभर प्रवाहात पहाटेपासून गळ टाकून उभा असलेला मुलगा आणि संध्याकाळी एकदाचा लागलेला चंदेरी स्टीलहेड. फोटोपुरता हातात धरला आणि दिला परत सोडून! वडिलांचे प्रश्न दोन. दिवसभर ताटकळून मिळालेला मासा सोडला का? आणि असा प्रवासी मासा आपल्या मांजरा-गोदावरीत आहे का?

पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. त्याच जातीतले काही मासे जन्मभर नदीत राहतात, काही समुद्रात जाऊन पोसतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. हे दुसरे ते स्टीलहेड. कोलंबिया नदीवर धरणं झाली, मासा घटला, म्हणून हॅचरीत पिल्लं वाढवून सोडतात. सोडण्याआधी त्यांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. पर कापलेला असेल तर मासा घरी न्या, शाबूत असेल तर तो नदीचा, सोडा. असा तिथल्या बऱ्याच नद्यांवरचा नियम आहे. कोलंबियावरच्या बोनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे आणि तिथून चढणारे मासे खिडकीतून मोजले जातात.

दुसरं उत्तर मात्र रंगतदार आहे. समुद्रातून गोदावरीत चढणारा मासा आहे, हिलसा. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि पहिल्या पुरातल्या पुलसासाठी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर राजमहेंद्रीजवळ आर्थर कॉटनचा धवळेश्वरमचा बंधारा झाला आणि हिलसाची वाट तिथेच अडली. त्याच्या वर पोचमपाडचं धरण. तेव्हा समुद्राचा पाहुणा नांदेडात यायचा नाही.

पण प्रवासी व्हायला समुद्रच लागतो असं थोडंच आहे? मृगाचा पहिला दणका बसून ओढा गढूळ होऊन वाहू लागला, की नदीतले मासे उलटे वर निघतात. हे चढणीचे मासे. सिमेंटच्या बंधाऱ्याखाली, हातभर उंचीच्या धारेत ते एकामागून एक उड्या घेतात. दगडावर आपटतात, मागे पडतात, पुन्हा उसळतात. टोपली, फेकजाळं, जुनं धोतर, ज्याच्या हाती जे असेल ते घेऊन गाव तिथे धावतं. हातात धरलेल्या मादीचं पोट जरा दाबलं तर अंडी बाहेर येतात, इतकी ती भरलेली असते.

तिला वर जायचंय कशाला? रोहू-मृगळाच्या घराण्यातल्या माशांची अंडी पाण्यात फुगतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहतात. अंड्यातून निघालेली पिल्लं पुराने भरलेल्या उथळ शेता-पाणथळीत पोचली, की तिथे सूक्ष्म जीवांची चंगळ असते आणि खाणारे मोठे मासे कमी. म्हणून आधी वर चढायचं. जूनपर्यंत अंडी तयार असतात, पण मादी ती सोडत नाही. वाहतं पाणी, गढूळपणा, उतरलेलं तापमान अशा खुणा मिळाल्या, की मेंदू पियूषिका ग्रंथीला हुकूम देतो आणि ती अंडाशयाला. तळ्यात पूरच येत नाही, म्हणून हुकूमही सुटत नाही. अंडी अंगातच जिरतात.

त्यामुळे पूर्वी तळ्यात सोडायला रोहू-कटल्याचं बीज पुराच्या नद्यांतूनच गाळून आणावं लागे. त्यात नको त्या, दुसऱ्यांना खाणाऱ्या माशांची पिल्लंही यायची. इथे माझे आवडते शास्त्रज्ञ येतात, हिरालाल चौधरी. अर्जेंटिनात होसे आणि ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी माशाला माशाच्याच पियूषिकेचा अर्क टोचून पाहिला होता. चौधरींनी ते आपल्या माशांवर जमवलं. ताज्या माशाची कवटी उघडायची, मेंदूखालच्या खळग्यातून ज्वारीच्या दाण्याहून लहान, पांढुरकी ग्रंथी चिमट्याने उचलायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग कुटून तिचा अर्क टोचायचा. मादीला आधी थोडा, सुमारे सहा तासांनी जास्त, नराला एकदाच. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला मृगळाच्या भावकीतल्या रेबा माशाने अशी अंडी दिली. पूर सुईत भरला गेला! आज तयार संप्रेरकाची बाटली मिळते, पण युक्ती तीच. नांदेडच्या बाजारातला रोहू कुणी खाल्ला असेल, तर त्याचे आईबाप बहुधा असेच टोचलेले होते. होसेंना वेगळ्या कामासाठी १९४७चं नोबेल मिळालं. चौधरींचं नाव मासे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि खाणाऱ्यालाही.

पण या यशाने आपल्याला आळशी केलं, असं माझं मत आहे. धरणात अमुक लाख बीज सोडल्याच्या बातम्या येतात. ते जिरे होते की बोटाएवढी वाढलेली बोटुकली, आणि सहा महिन्यांनी किती उरले, हे कुणी छापत नाही. जिऱ्याएवढी पिल्लं मोठ्या जलाशयात सोडणं म्हणजे मरळ आणि शिवड्याला जेवण वाढणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. अशा आटलेल्या धरणात बीज सोडण्याला पर्याय नसतो, हे मान्य. पण जिथे पाणी टिकतं तिथे चढणीची वाट मोकळी ठेवायला काय हरकत आहे? माशांसाठी वाट ठेवलेले बंधारे आपल्याकडे क्वचितच दिसतात. गंमत म्हणजे गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं, फायदा माशांचा, तोही नकळत. पहिला पूर जूनमध्ये आला तर तेवढाही नाही.

समुद्रातल्या पावसाळी मासेमारीबंदीची बातमी दरवर्षी येते, ओढ्यातल्या चढणीबद्दल कुणी बोलत नाही. तेव्हा वाचकहो, येत्या मृगात ओढ्यावर गेलात तर आडवं जाळं लावून अख्खी वाट अडवू नका आणि पोट भरलेली मादी हाती लागली तर तिला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडा.