‘आता संशोधनातही आरक्षण?’

संशोधनात समता, विविधता, समावेशन हे शब्द नुसते उच्चारा. चर्चासत्रात कुणीतरी हमखास म्हणणारच, ‘म्हणजे आता संशोधनातही आरक्षण!’ शेजारचा लगेच री ओढतो, ‘विज्ञानाला ना जात, ना लिंग. दर्जा सांभाळा म्हणजे झालं.’ ऐकून ऐकून कान किटले.

ठीक आहे, दर्जाचंच बोलू. कोविडच्या लाटेत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडतो आणि त्यातला किती शोषला गेला, यावरून रक्तातला ऑक्सिजन सांगतो. पण ‘इतका प्रकाश म्हणजे इतके टक्के’ हे कोष्टक भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आयतं मिळत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासतात आणि दोन्ही आकडे जुळवून ते बसवतात. स्वयंसेवक बहुतेक गोरे असले, तर गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या हिशेबात नीट धरलंच जात नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची २०१३ची मार्गदर्शक सूचना काय म्हणत होती? चाचणीत गडद त्वचेची किमान २ माणसं किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं!

परिणाम डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला खरा आकडा ८८च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळलं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. ‘ऑक्सिजन ठीक आहे’ म्हणून कुणाला थांबवून ठेवलं गेलं असेल, याचा अंदाज करा. आणि ही कुणकुण नवी नव्हती. ‘चेस्ट’ या नियतकालिकात १९९० सालीच तसं छापून आलं होतं.

मग दर्जा घसरला तो कुणाला घेतल्याने, की वगळल्याने? निसर्गनियमांना जात-लिंग नसतं, मान्य. पण नमुन्यात कोण घ्यायचं हे निसर्ग ठरवत नाही, संशोधक ठरवतो. प्रयोगशाळेत संधी कुणाला मिळते, हा प्रश्नही खराच आणि भांडण्याजोगा. पण संघात चार स्त्रिया आहेत म्हणून नमुना आपोआप सुधारत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. ‘मादी उंदरांची संप्रेरकं बदलत असतात, निष्कर्ष डळमळतात, म्हणून नरच बरे’: २०१४मध्ये २९३ शोधनिबंध चाळून पाहिले गेले, माद्यांच्या मोजमापांत नरांपेक्षा जास्त चढउतार नव्हते. ‘चाचणीत बायका घेतल्या, झालं’: नाही झालं, त्यांचे आकडे वेगळे काढून पाहावे लागतात. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत १९९२मध्ये मंजूर झालं होतं. स्त्रियांच्या रक्तात ते सकाळीही जास्त उरतं म्हणून त्यांचा शिफारस केलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५वर आणला, तो २०१३मध्ये.

आणि ‘हे पाश्चात्त्यांचं फॅड’? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे मांडले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय शरीरांबद्दलच्या अशाच निरीक्षणांमुळे आपल्याकडे जादा वजनाची सीमा २५ऐवजी २३वर धरतात.