गिऱ्हाईकाच्या डोक्यातलं कपाट

दुकानाच्या मांडणीवर आपण व्हिडिओ केला, पण मूळ मुद्दा त्यात घाईघाईत गेला. माल तुमच्या रॅकवर बसायच्या आधी गिऱ्हाईकाच्या डोक्यातल्या एखाद्या खणात बसावा लागतो. तिथं खण नाही सापडला, तर चांगला माल पडून राहतो आणि त्याच्यासोबत तुमचं भांडवलही.

हे खण असतात कसे? अमेरिकेत एलेनॉर रॉश नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठं काम केलं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, 'फळ' या शब्दाला कोणतं उदाहरण किती चपखल बसतं? सगळ्यात वर काय आलं माहितेय? संत्रं! वरूड-मोर्शीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. तळाच्या आसपास गेलं ऑलिव्ह. शास्त्रानं दोन्ही फळंच, पण मन सगळ्यांना सारखा मान देत नाही. खणाच्या मधोमध एक-दोन ठळक नमुने, बाकीचे जवळ-लांब. चिमणी पक्षी आहे का, याला पटकन 'हो' येतं. कोंबडीला मन क्षणभर थांबतं.

काउंटरवर तो क्षण फार महाग पडतो. समजा, तुम्ही अमरावतीत संत्र्याच्या सालीची पावडर विकायला काढली. साल स्वस्त, पॅकिंग झकास. पण पाकीट मसाल्यांत ठेवलं तर गिऱ्हाईक विचारणार, "भाऊ, याचं करायचं काय?" तेच दिवाळीत उटण्याशेजारी ठेवा, प्रश्नच येत नाही.

आता आपल्या घरातलं उदाहरण घ्या: 'उपवासाचं'. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणा. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना यांचा एक गट करायला सांगा, डोकं धरून बसतील! शेंगदाणा तर तुरीसारखाच शेंगेत येणारा. तूर चालत नाही, शेंगदाणा चालतो. भगर हे धान्यच, पण गव्हाला मनाई. आणि गंमत बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. परदेशातून आलेला माल आपल्या सगळ्यात सोवळ्या खणात जाऊन बसला. म्हणजे खण हा वस्तूच्या जातीवर नाही, कामावर ठरला.

लॉरेन्स बार्सालू या अभ्यासकानं १९८३ साली हीच बाजू दाखवली. घराला आग लागली तर काय काय बाहेर काढाल? लेकरं, दागिने, कागदपत्रं. एरवी यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण गरज पडताच मन तिथल्या तिथं गट बांधतं. पोळ्याचं सामान तसंच नाही का? दोर, वेसण, झूल, घुंगरं, शिंगांचा रंग, आणि पुरणासाठी चण्याची डाळ अन् गूळ. होलसेलवाल्याच्या यादीत हे चार दुकानांत विखुरलेलं असतं, शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र एकाच पिशवीत. ती पिशवी जो दुकानदार एका जागी भरून देईल, त्याच्याकडे माणूस पुढच्या वर्षीही येतो.

शब्दांचा घोळ वेगळाच. आपल्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पण 'सांबारवडी' असं छापून तुम्ही पाकीट पुण्याला पाठवलं, तर तिथल्या बाईला इडलीसोबतचं सांबार आठवणार. वडी उत्तम असून खण चुकला! कोहळ्याचंही तेच. अकोल्यात कोहळं म्हटलं की बोंड्यांचा लाल भोपळा डोळ्यापुढे येतो, पुण्यात पेठ्याचा पांढरा कोहळा. माझं मत विचाराल तर नाव बदलू नका, 'सांबारवडी' याच नावात वजन आहे. खाली बारीक अक्षरात 'कोथिंबिरीची पुडाची वडी' लिहा. बाहेरगावी पाठवायच्या मालावर तर लिहाच.

शब्दांचे खण पाडणं हे काही नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या काळातला राज्यव्यवहारकोश घ्या. त्यात शब्द विषयवार दहा वर्गांत मांडलेत, किल्ल्यांचा दुर्गवर्ग वेगळा आणि बाजाराचा पण्यवर्ग वेगळा.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या वीस वस्तूंची नावं वीस चिठ्ठ्यांवर लिहा. ओळखीच्या आठ-दहा गिऱ्हाइकांना वेगवेगळं बसवा, चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला सांगा आणि प्रत्येक गठ्ठ्याला त्यांच्याच तोंडून नाव घ्या. तुम्ही मधे बोलायचं नाही! कोणी 'डब्याचं' म्हणेल, कोणी 'पाहुणे आले की लागतं ते'. ते शब्द जसेच्या तसे रॅकच्या पाटीवर उतरवा. आणि एखादी चिठ्ठी कुठंच न बसता चार-पाच जणांच्या हातातच राहिली, तर त्या मालाची पुढची ऑर्डर द्यायच्या आधी थांबा.