विद्युतदाह : उपचार आणि घरगुती प्रतिबंध

विजेच्या धक्क्याने झालेली जखम पाहणाऱ्याला फसवते. उकळत्या पाण्याने भाजल्यास इजेची व्याप्ती बहुधा त्वचेवरच दिसते. विद्युतदाहात मात्र तळहातावर नाण्याएवढा करडा डाग असतो आणि प्रवाह स्नायू, मज्जातंतू वा हृदयातून गेलेला असतो.

याचे कारण त्वचेच्या विद्युतरोधात आहे. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. त्वचा ओली झाल्यास शरीराचा एकूण रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. वास्तविक १० मिलिअँपिअरच्या आसपासच बोटे आखडून हातातील तार सुटेनाशी होते. 'विजेने धरून ठेवले' असे लोक म्हणतात, ते हेच. त्याहून काही पट प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडते. ओल्या हातावर डाग उमटलाच नाही, असेही घडते. म्हणून डागावरून धोका मापणे अयोग्य होय.

अपघात घडताच प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते अशक्य असल्यास कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर सारावी. गच्चीजवळून गेलेल्या उच्चदाबाच्या वाहिनीला मात्र हा उपाय लागू नाही. तेथे पुरवठा खंडित होईपर्यंत जवळ जाऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. टूथपेस्ट किंवा शाई लावण्याची रूढी सुशिक्षित घरांतही टिकून आहे. तिने जखम झाकली जाते, एवढेच. रुग्णालयात हृदयाचा विद्युत आलेख काढतात. उच्चदाबाच्या इजेत मृत स्नायूंतील मायोग्लोबिन मूत्रपिंडात साचते, लघवी गडद तपकिरी होते. प्रौढ रुग्णात ताशी ७५ ते १०० मिलिलिटर लघवी होईल इतके द्रव शिरेतून द्यावे लागतात. सुजलेल्या स्नायूंवरील आवरण छेदून दाब कमी करणेही कधी अपरिहार्य ठरते. वायर चावलेल्या बालकाच्या ओठातून आठवडाभरानंतर अचानक रक्तस्राव होऊ शकतो, ही बाब पालकांना सांगणे राहून जाते.

प्रतिबंधाबाबत मोठा गैरसमज एमसीबीविषयी आहे. १६ अँपिअरची एमसीबी तारांचे रक्षण करते. माणसातून जाणारे २३० मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीतही नसतात. फेज व न्यूट्रलमधील प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी हे त्यावरील साधन होय. अर्थात, दोन्ही तारा एकाच वेळी हाती आल्यास तीही निरुपयोगी ठरते. अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकलेला कूलर आणि पत्र्याच्या घराला बांधलेली कपडे वाळविण्याची लोखंडी तार यांतून अनेक अपघात उद्भवतात. तारेऐवजी नायलॉनची दोरी काही रुपयांत मिळते. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. तरीही वीज खंडित न झाल्यास ती तत्काळ बदलून घ्यावी.