हलायचं नाही

सकाळी ६.५०
हडपसरहून स्कूटी. काल शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं होतं, शंभरात पुरतं लिटरही येत नाही. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एमआरआय विभाग आहे. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ‘मॅडम’ म्हणतात. नोकरी कंत्राटी. हातात महिना चोवीस हजार, तेही पाच-सात तारखेच्या पुढे.

मशीन सुरू करायचं नसतं, कारण चुंबक कधी बंदच होत नाही. १.५ टेस्लाचं चुंबक. रविवारी, दिवाळीत, लाइट गेली तरी ते आपलं काम करतंच. आतल्या तारांभोवती द्रव हेलियम, उणे २६९ अंशांवर. पंपाचा चिक-चिक आवाज अखंड. मॅडम हेलियमची पातळी वहीत लिहितात. खोलीचं तापमान लिहितात. पाण्याने भरलेला फँटम टेबलावर ठेवून चाचणीची चित्रं काढतात. बरोबर आली. सही.

सकाळी ७.४०
वॉर्डातले मामा येतात. चादरी बदलतात, ऑक्सिजनची पाइप तपासतात. दारापुढे जमिनीवर पिवळी पट्टी आहे. तिच्या आत लोखंडी स्ट्रेचर नाही, सिलिंडर नाही, मामांच्या खिशातल्या किल्ल्याही नाहीत. २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला माणूस चुंबकाकडे ओढला गेला आणि दगावला. ते ऐकल्यापासून मामा दारात उभे राहतात आणि डॉक्टरांनाही अडवतात. “साहेब, पेन.” साहेब पेन काढून देतात.

सकाळी ८.३०
यादीत बारा नावं. पाठीचे मणके सहा, गुडघे दोन, मेंदू चार. चारांपैकी दोन मुली आहेत. एक सात वर्षांची, एक साडेतीन वर्षांची. दोघींच्या कागदांवर एकच निदान लिहिलंय: लवकर आलेलं वयात येणं.

सात वर्षांची मुलगी आईबरोबर इंदापूरहून पहिल्या एसटीने आलीय. बायकांना अर्धं तिकीट, लहान मुलांनाही अर्धं. दोघींचं मिळून एक झालं. आईचा आजचा रोज बुडाला, साडेतीनशे. बाहेरच्या सेंटरला सात-आठ हजार सांगितले होते, म्हणून इथली तारीख घेतली. तारखेला तीन आठवडे थांबावं लागलं.

सकाळी ९.००
मॅडम फाइल चाळतात. सुरुवात छातीतल्या गाठीपासून झाली. एकाच बाजूला, दुखरी. आईला वाटलं, कॅन्सर. सासू म्हणाली, उष्णतेने आलंय, उतरेल. उतरलं नाही. मग दुसऱ्या बाजूलाही आलं. उंची वर्षात भराभर वाढली. डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय दहा निघालं. हाडं लवकर पिकली की लवकर जुळतात. आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी पुढे बुटकी राहते. रक्तात एलएच हे संप्रेरक वाढलेलं. म्हणजे हुकूम वरून, मेंदूतून सुटलाय. तो वेळेआधी का सुटला, तिथे काही वाढलंय का, एवढंच आज बघायचं.

“किडनीची रक्ततपासणी?” आहे. “वजन?” पंचवीस किलो. “घरी काय सांगून आलात?”
“डोकं दुखतं म्हणून सांगितलंय, मॅडम. फोटो डोक्याचाच आहे ना. चालून गेलं.”

सकाळी ९.१५
धातू उतरवायचा कार्यक्रम. याला कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. पैंजण निघाले. केसांतल्या टिकटिक पिना निघाल्या, अकरा. गळ्यातला ताईत आई काढू देईना, मग स्वतःच्या मुठीत धरून बसली. कानातल्या बाळ्या सोनाराने पक्क्या दाबलेल्या. विभागातल्या मावशी साबणाचं पाणी आणतात, दोरा आणतात, हळूहळू फिरवतात. मुलीच्या डोळ्यांत पाणी, पण ओरडत नाही. फ्रॉकला जरीची पट्टी, तोही बदलायचा. आई आत सोबत बसणार, म्हणून तिच्याही साडीच्या सेफ्टीपिना. “सगळ्या?” “सगळ्या.” मंगळसूत्र, जोडवी, सगळं रुमालात. पदर आता हातानेच सावरायचा.

सकाळी ९.३५
सराव. हा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, मॅडमनी सुरू केला. मोबाइलवर मशीनचा आवाज लावतात. ठकठक, मग घर्रर्र, मग सायरनसारखा.
“स्टॅच्यू खेळतेस ना?”
“हो.”
“मी स्टॅच्यू म्हटलं की हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. मी ओव्हर म्हणेपर्यंत.”
बाकावर झोपवून दोनदा खेळतात. पहिल्यांदा मुलगी वीस सेकंदांत हसली. दुसऱ्यांदा दोन मिनिटं टिकली. मॅडम कागदावरच्या ‘भूल?’ या शब्दावर काट मारतात. सहाच्या पुढची बरीच मुलं समजावलं तर भूल न देता पडून राहतात. भूल द्यायची तर उपाशी ठेवा, भुलेच्या डॉक्टरांची वाट बघा, नंतर शुद्धीवर येईपर्यंत खाट अडवा. अर्धा दिवस जातो.

सकाळी ९.५५
हाताला पिवळं कॅन्युला, बारकं. कानात बोळे, वर हेडफोन. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज. चेहऱ्यावर कॉइलचा पिंजरा. हातात रबरी फुगा, भीती वाटली तर दाबायचा. टेबल आत सरकतं.

काचेमागे मॅडम माउसवर. आधी पूर्ण मेंदू. मग खरं काम. पिट्यूटरी ग्रंथी काही मिलिमीटरचीच. तिच्यावर हायपोथॅलॅमस, मधे बारीक देठ. इथे तीन मिलिमीटरहून जाड काप घेऊन चालत नाही. मॅडम मधल्या रेषेवर चौकट ठेवतात, जराशी फिरवतात, पुन्हा ठेवतात. एकेक फेरी तीन-चार मिनिटांची. प्रत्येक फेरीआधी माइकवर, “स्टॅच्यू.” संपली की, “ओव्हर. शाब्बास.”

तिसऱ्या फेरीत मुलीने खांदा उचलला. पडद्यावर कडा दुहेरी झाल्या. चार मिनिटं वाया. पुन्हा, “स्टॅच्यू.”

शेवटी गॅडोलिनियम, शिरेतून सोडायचं औषध. किलोमागे ०.२ मिली, म्हणजे पाच मिली. औषध सोडताना हात हलू शकतो, म्हणून मॅडम आत जाऊन हात धरतात. मग पुन्हा तेच काप.

सकाळी १०.४५
मुलगी उठते. आई काचेकडे नाही, मॅडमच्या चेहऱ्याकडे बघते.
“दिसलं का काही?”
“रिपोर्ट डॉक्टर सांगतील. उद्या अकरानंतर.”
हे वाक्य मॅडम दिवसातून बारा वेळा म्हणतात. तोच आवाज, तोच वेग. एकाला हसून सांगितलं की दुसऱ्याला न हसण्याचा अर्थ कळतो.

सकाळी ११.१०
कटिंग चहा, दहा रुपये. अर्धा राहतो. पक्षाघाताचा रुग्ण येतो, यादी मागे ढकलली जाते. व्हरांड्यातली माणसं कुरकुरतात. मामा समजावतात.

दुपारी १२.४०
साडेतीन वर्षांची. हिला स्टॅच्यू कळत नाही. सकाळपासून उपाशी, रडून थकलेली. भुलेच्या डॉक्टर ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात. गोड, तरी थुंकते. वडिलांच्या खांद्यावर अर्धा तास. बोटाला चुंबकाजवळ चालणारा ऑक्सिमीटर.

वडील लातूरकडचे, टेम्पो चालवतात. म्हणतात, अंगावरून रक्त गेलं म्हणून आणली. आणि मधेच कारण नसताना हसते. दिवसातून दहा वेळा. हसते, पण डोळे हसत नाहीत. आजी म्हणते, सटवाई हसवते. भुलेच्या डॉक्टर लिहिता लिहिता थांबतात. ‘हसण्याचे झटके?’ असं फाइलवर लिहितात.

दुपारी १.२५
तिसरा काप. देठाच्या मागे, हायपोथॅलॅमसच्या तळाशी एक गोळा लोंबतोय. रंग मेंदूच्या राखाडी भागाचाच. औषध सोडल्यावरही उजळला नाही. मॅडमनी असे गोळे आधी पाहिलेत. हॅमार्टोमा. ही गाठ वाढत जाणारी नसते. मेंदूचाच पेशीसमूह चुकीच्या जागी जन्मापासून बसलेला. तोच वेळेआधी हुकूम सोडतो, आणि कधी कधी तोच असं हसवतो. वयात येणं थांबवायला सहसा ऑपरेशन लागत नाही, इंजेक्शनं लागतात. झटक्यांचा उपचार वेगळा.

ज्युनिअर डॉक्टर वाकून बघतात. कोणी काही बोलत नाही. मॅडम आणखी एक पातळ फेरी जोडतात.

बाहेर वडील उभे. “झालं का मॅडम? काय आहे?”
“रिपोर्ट डॉक्टर सांगतील. उद्या अकरानंतर.”
तोच आवाज. तोच वेग.

दुपारी २.३०
डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. रात्रपाळीचा भत्ता दोन महिन्यांपासून अडकलाय, त्यावर बोलणं. मावशींचा पगार मॅडमच्या पगाराच्या निम्मा. मावशी बोलत नाहीत, भाकरीचा तुकडा मोडतात.

दुपारी ३.४०
शेजारच्या अंधाऱ्या खोलीत रेडिओलॉजिस्ट. सकाळच्या मुलीची चित्रं वर-खाली सरकवतात. ग्रंथी जरा फुगीर, वयात येताना तशी असतेच. मागच्या भागाचा पांढरा ठिपका जागेवर. बाकी सगळं ठीक.

“मुलींमध्ये आठच्या आत, मुलांमध्ये नऊच्या आत सुरू झालं की लवकर म्हणायचं,” ते म्हणतात. “मुलांमध्ये काहीतरी सापडायची शक्यता जास्त. मुलींमध्ये बहुतेकदा नाही.” अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली मांडलेला हिशेब ते सांगतात. शंभर मुलींत नवांच्या आसपास काही दिसलं. सहाच्या आतल्या मुलींत चारांतल्या एकीला, सहाच्या पुढे शंभरात तिघींना. म्हणून सहा ते आठमधल्या प्रत्येकीचा एमआरआय करायचा का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. कधी निरुपद्रवी पाण्याची गाठ दिसते आणि मग वर्षानुवर्षं तेच बघत बसावं लागतं. कोविडच्या टाळेबंदीनंतर अशा मुली वाढल्याची नोंद पुण्यातल्या डॉक्टरांनीही केली. यादी लांबली, मशीन तेवढंच.

संध्याकाळी ४.३०
इंदापूरची आई अजून व्हरांड्यात. परतीच्या गाडीला वेळ आहे. पिना पुन्हा लावल्या, ताईत पुन्हा गळ्यात. मुलगी बिस्किटाचा पुडा खातेय, पाच रुपयांचा.
“इंजेक्शन दर महिन्याला घ्यायचं म्हणतात. किती वर्षं?”
“ते वयावर ठरतं. साधारण अकरापर्यंत देतात. तीन महिन्यांचंही मिळतं, ते विचारा. फेऱ्या वाचतील.”
आई बोटांवर मोजते. महिन्याचं असेल तर वर्षाला बारा रोज बुडतील. तीन महिन्यांचं असेल तर चार. “तेच विचारते,” म्हणते.

संध्याकाळी ५.२०
सुपरवायझर रजिस्टर बघतात. “बारा लिहिलेत, अकराच झाले. आणि सात वर्षांच्या मुलीला पाऊण तास?”
“भूल दिली असती तर अर्धा दिवस गेला असता, सर. भुलेच्या डॉक्टर आज एकच होत्या. त्या लातूरच्या मुलीला मिळाल्या नसत्या.”
उद्याच्या यादीत नऊ वाजता सहा वर्षांची एक मुलगी आहे. नावापुढे अर्धा तास छापलाय. सुपरवायझर जरा वेळ कागदाकडे बघतात, पेनने तीसचे पंचेचाळीस करतात आणि शेवटचा गुडघा परवावर ढकलतात.